केशवरावची बिडी

सोमवार, ३ मार्च २०२५

परवा शनिवारी सकाळी जामसांवलीला गेलो होतो. अंघोळ करून, उपाशीपोटी. निजलेल्या मारुतीरायापुढे हात जोडले आणि बाहेर आल्यावर खिशातलं बिडीचं बंडल व आगपेटी कचऱ्याच्या पिंपात टाकली. नवस बोललो नाही. एवढंच म्हटलं, की मी सोडतो आहे, तू पाहत राहा. तिथे डोक्याचा त्रास असलेली पुष्कळ माणसं येतात. मागच्या पावसाळ्यापासून मीही त्यांच्यातलाच. झोप येत नसे, छाती धडधडे, जेवताना ताटावर बसल्या बसल्या डोळे भरून येत. सरकारी दवाखान्यातल्या अनुराधाबाई डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी हळूहळू फरक पडला. बिडी सोडली तर अजून पडेल, असं त्या म्हणाल्या.

आज पांढुर्ण्याला नव्या कामावर लागलो. कापसाची जिनिंग आहे. गाडी आली की काट्यावर घ्यायची, वजन लिहायचं, पावती द्यायची. गेटाजवळ काट्याची खोली आणि तिच्या मागे राहायची खोली. खिडकीतून रेल्वेची लाईन दिसते. मनकर्णाने जवसाची चटणी आणि सातूचं पीठ बांधून दिलं आहे. ती सौंसरकडे गावीच राहणार, शेतात संत्र्याची झाडं आहेत, त्यांना माणूस लागतं.

इथला मिस्त्री हेमराज, सगळ्या मशिनी त्याच्या हाताखाली. माझ्याच वयाचा, गडी मोठा बोलका. माझी वळकटी त्याने स्वतः उचलली. आपल्या खोलीतला पंखा आणून लावून दिला. म्हणे, काटाबाबू, मुकुंदभाऊ, उन्हाळा येऊन राहिला, तुमच्यासारखा गोरा माणूस वितळून जाईल. खरं तर मी कोळशासारखा काळा. सगळे हसले. मीही पोटभर हसलो. असं हसून बरेच दिवस झाले होते.

बुधवार, ५ मार्च

जिनिंगच्या आत बिडी, सिगारेट, आगपेटी काहीही चालत नाही. रुईचे तंतू हवेत उडत असतात, एका ठिणगीचं काम. म्हणून गेटाबाहेर, रस्त्यापलीकडे, करंजाच्या झाडाखाली एक ओटा बांधला आहे. चहाच्या सुट्टीत ओढणारे तिथे जाऊन बसतात. ओट्यावर वाळू भरलेला तेलाचा डबा आहे, थोटकं खुपसायला.

तिथली एक रीत आज कळली. सकाळी पहिली बिडी केशवरावची. हा केशवराव माझ्याआधी काट्यावर होता. दोन वर्षांपूर्वी गोदामात रुईला आग लागली, त्यात धुराने गेला. त्याला बिडी फार आवडे, म्हणून रोज एक पेटती बिडी वाळूत उभी खुपसून ठेवतात. मेलेल्याच्या आवडीचं त्याला द्यावं, हे आपल्याकडे सगळेच करतात. माझ्या आजोबांच्या नावाने आम्ही तंबाखूची चिमूट ठेवत असू. मला त्यात वावगं वाटलं नाही.

पण ती बिडी काट्यावरच्या माणसाने पेटवायची. मी हेमराजला सांगितलं, मी सोडली आहे. तो म्हणाला, तुले ओढाची कोण म्हणते गा, पेटवाची आहे. त्याची त्याले देऊन टाक.

बिडी नुसती काडीवर धरून पेटत नाही. ओठात धरून एक झुरका ओढावाच लागतो. तेव्हाच ती धरते.

ओढला.

रविवार, ९ मार्च

आज सुट्टी, गावी आलो आहे. मनकर्णाने विचारलं, सुटली ना पुरी? मी हो म्हटलं.

रोज एकच झुरका आहे. पण दिवसभर त्याचीच वाट पाहतो. सकाळी तो ओढला की डोकं घटकाभर मोकळं होतं. दहा वाजेपर्यंत बोटं शर्टाचा खिसा चाचपू लागतात. दुपारी कुणी दोनदा वजन विचारलं तर ओरडावंसं वाटतं. काल एका म्हाताऱ्या शेतकऱ्यावर ओरडलोही. त्याचं काही चुकलं नव्हतं.

अनुराधाबाईंनी हे सांगितलं होतं. बिडीने मन शांत होत नाही, तळमळ तीच लावते आणि घटकाभर तीच थांबवते, आणि माणसाला वाटतं हिच्यावाचून आपलं डोकं चालणार नाही. सोडल्यावर काही आठवडे चिडचिड होते, झोप उडते, मन खाली बसतं, मग निवळतं. ज्यांचं मन आधीच आजारी आहे त्यांनाही निवळतं, असं त्या ठासून म्हणाल्या होत्या. माझं निवळायचं ते रोज सकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

मंगळवार, १८ मार्च

एका झुरक्याच्या दोन बिड्या झाल्या, दोनाचं बंडल झालं. लिहिताना लाज वाटते.

हेमराज रोज काट्यावर येऊन बसतो. त्याने माझ्या गोळ्या पाहिल्या. सगळ्यांसमोर पाकीट वर धरून म्हणाला, पाहा रे, आपला काटाबाबू पागलांच्या गोळ्या खाऊन राहिला, उद्या क्विंटलचा टन लिहीन. पोरं हसली. मग मला एकट्याला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाला, मर्द माणूस तू, गोळ्या कायले खाते? डोकं फिरलं की एक मार, शांत होते. केशवरावलेबी ती डॉक्टरबाई गोळ्याच खायले सांगे.

त्याचा आवाज फार मायेचा होता. मी गोळ्या घेणं बंद केलं.

आज एक गोष्ट ध्यानात आली. हेमराज स्वतः बिडी ओढत नाही. सुपारी-तंबाखूचा खर्रा खातो. ओट्यावरही कधी बसत नाही. चहा घेऊन पलीकडे गेटातच उभा राहतो, वाऱ्याकडे तोंड करून.

सोमवार, २४ मार्च

पाच रात्री झोप नाही. हनुमान चालिसा म्हणायला बसलो तर मधल्या ओळी सापडेनात. लहानपणापासून पाठ आहे.

केशवरावच्या बिडीबद्दल लिहायचं आहे. खुपसून ठेवलेली बिडी सहसा अर्ध्यात विझते. बिडी ओढत राहावी लागते, नाहीतर विझते, हे कुणीही सांगेल. ही विझत नाही. शेवटपर्यंत जळते. तिचं टोक लाल होतं, मंद होतं, पुन्हा लाल होतं. माणूस श्वास घेतो तसं. मी वारा म्हणून सोडून दिलं होतं.

आज वारा अजिबात नव्हता. करंजाचं पान हलत नव्हतं. ओट्यावर आम्ही सहा जण होतो. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी नजर दुसरीकडे वळवली. म्हणजे ते रोजच पाहतात.

मंगळवार, १ एप्रिल

मालतीबाई इथे रेजा आहे, मजुरीवर सरकी झाडते. पाडव्याची पुरणपोळी घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, भाऊ, तुमचं तोंड केशवभाऊसारखं होऊन राहिलं. सामान उचला अन् जा घरी.

मग तिने सगळं सांगितलं.

केशवराव बिडी सोडून बसला होता. सहा महिने झाले होते. त्यालाही मनाचा आजार होता, गोळ्या चालू होत्या आणि तो सुधारला होता. दुपारी रेजांना विनोद सांगे. हेमराजला ते पाहवेना. माणूस आपल्या हाताखाली रडत होता तोपर्यंत बरा होता. त्याने केशवरावला मर्दपणावरून डिवचलं, सगळ्यांसमोर त्याच्या ओठात पेटती बिडी खोचली, गोळ्या नालीत फेकल्या. केशवराव पुन्हा बिडीला लागला आणि दोन महिन्यांत पार खचला. मग तो बिडीवाचून एक तासही काढू शकत नसे, आणि गेटाबाहेर जायची सुट्टी हेमराजच देई. त्या दिवशी दिली नाही. हसत म्हणाला, गोदामात जा, गाठीमागं ओढ, तिथं कोण पाहते.

रुईची आग दिसत नाही. आतल्या आत धुमसते. धूर दिसला की गोदामाचं शटर पाडायचं, फटी बोचक्यांनी बुजवायच्या, हवा बंद करायची, हीच रीत आहे. हवा मिळाली की भडका. हेमराजने शटर पाडलं. आतून ठोकल्याचा आवाज आला. मालतीबाई तिथेच होती. ती ओरडली, आत माणूस आहे. हेमराज म्हणाला, माणूस नाई, गाठीच्या पट्ट्या तुटून राहिल्या.

रुईच्या गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्या तुटतात हे खरं आहे. उष्णतेने टणकन वाजतात. पण मालतीबाई म्हणाली, पट्टी नाव घेऊन बोलावत नाई ना भाऊ.

दुसऱ्या दिवशी उघडलं.

तेराव्यानंतर ओट्यावर बिडी ठेवायची रीत हेमराजनेच पाडली. त्याने पहिली ठेवली, त्यानंतर बिडीला हात लावला नाही. माझ्याआधी काट्यावर दोघे येऊन गेले. पेटवणं त्यांच्याकडेच होतं. एकाला घरचे बांधून घेऊन गेले, दुसरा न सांगता निघून गेला. जो पेटवते त्याच्यामागं केशवभाऊ लागते, असं सगळे समजतात, म्हणून मिस्त्री स्वतः पेटवत नाई, नवा माणूस आणते. मालतीबाई असं म्हणाली आणि पदराने तोंड पुसत गेली.

पुरणपोळी तशीच पडून आहे.

शनिवार, ५ एप्रिल

दवाखान्यात गेलो. अनुराधाबाई रागावल्या नाहीत. गोळ्या पुन्हा सुरू केल्या. तळमळ आवरायला चघळायची एक गोळी दिली. बिडीचं टोक लाल होतं तेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी झोपेचं विचारलं, कुणाचे आवाज ऐकू येतात का विचारलं, लिहून घेतलं. म्हणाल्या, ते काहीही असो, मुकुंदराव, ती जागा आणि तो माणूस तुम्हाला आजारी करतो आहे. तिथून निघा.

बरोबर आहे. निघायला पाहिजे. मनकर्णालाही आज खरं सांगितलं. ती रडली आणि म्हणाली, आजच्या गाडीने या.

पण मी गेलो तर तो चौथा माणूस आणील. मला फार राग येऊन राहिला आहे. इतका राग मला कधी आला नव्हता. तो बिडीचा नाही. बिडीचा राग मी ओळखतो, तो कुणावरही निघतो. हा एकाच माणसाकडे तोंड करून बसला आहे.

शनिवार, १२ एप्रिल

हनुमान जयंती. आठवडाभर बिडी नाही. केशवरावची पेटवायलाही नकार दिला. हेमराज चिडला. म्हणाला, काटाबाबू, मेलेल्याचा घास अडवू नोको, भारी पडते. मी पावती लिहीत राहिलो. त्याच्या कपाळावर घाम होता.

आज दुपारी डब्यात बिडी होती. कुणी ठेवली नव्हती. कुणी पेटवली नव्हती. कालचं थोटूक होतं, भिजलेलं. ते जळत होतं.

मी वाकून अगदी जवळून पाहिलं. इतके दिवस आम्ही उलटं समजत होतो. ओढल्यावर धूर मागे जातो. हा पुढे जात होता. खाली, रस्त्याच्या डांबराला चिकटून, सरळ गेटाकडे. हेमराज तिथे चहा पीत होता. धूर त्याच्या चपलांपर्यंत गेला. त्याने पाय उचलला आणि आत पळाला.

केशवराव ओढत नाही. चूल फुंकावी तशी तो ती फुंकून राहिला आहे.

त्याला बिडी नकोच होती. त्याने ती सोडली होती. ज्याने त्याचा जीव गेला तेच आम्ही दोन वर्षं रोज त्याच्या तोंडाशी नेत होतो आणि वरून हात जोडत होतो.

रविवार, २० एप्रिल

तिगावला गेलो. केशवरावची बायको देवकाबाई तिथे भावाकडे राहते. दारात बसून तांदूळ निवडत होती. मी कोण ते सांगितलं. बिडीच्या रितीचं तिला माहीतच नव्हतं. सांगितल्यावर सूप खाली ठेवलं.

मग म्हणाली, माह्या माणसानं सोडली तेव्हा पोळ्याले नवीन सदरा घेतला होता. म्हणे, जुन्याले वास येते. अन् तुम्ही त्याले रोज तेच पाजून राहिले?

मी मान खाली घातली. तिने विचारलं, त्याच्या तोंडात पहिली कोणी घातली ते खरं आहे काय? मी हो म्हटलं. अन् शटर? तेही हो म्हटलं.

अक्षयतृतीयेला पितरांची घागर असते. ती म्हणाली, या वर्षी घागर मी तिथं ओट्यावर ठेवीन. मिस्त्रीभाऊले म्हणा, हजर राह्यजा.

ती हे अगदी हळू बोलली. मला समजलं. तिलाही समजलं होतं की मला समजलं आहे.

शनिवार, २६ एप्रिल

हेमराजचा खोकला वाढला आहे. काळं थुंकतो. खर्रा खाऊन लाल थुंकणारा माणूस. शेठकडे रजा मागितली, हंगामाच्या शेवटच्या गाठी आहेत म्हणून मिळाली नाही. आज माझ्याकडे आला. हात जोडले. म्हणाला, मुकुंदभाऊ, फक्त एक दिवस पेटवून दे, तू पेटवली की तो माह्याकडं पाहत नाई.

दारात गुडघ्यावर बसला होता. मला दया यायला पाहिजे होती.

मी म्हटलं, अक्षयतृतीयेला पाहू.

मंगळवार, २९ एप्रिल

झोप येते आता. गोळ्या लागू पडल्या. खिसा चाचपत नाही. डोकं स्वच्छ आहे. हे मुद्दाम लिहितो. उद्या कुणी म्हणेल, काटाबाबूचं डोकं फिरलं होतं. नव्हतं.

देवापुढे बसलो. काही मागितलं नाही. हे त्याच्याकडे मागण्यासारखं नाही. त्याच्याकडे पाठ करून ठरवलं.

बंडल आणलं. आगपेटी आणली. ओढणार नाही, माझ्यासाठी नाही ते —

बुधवार, ३० एप्रिल. दुपार

झालं. लगेच लिहून ठेवतो.

सगळे ओट्यावर जमले होते. देवकाबाईने घागर मांडली, आंबा ठेवला, पत्रावळीवर शेवया वाढल्या. हेमराज गेटात होता. तिनेच हाक मारली. म्हणाली, मिस्त्रीभाऊ, तुम्ही त्याचे दोस्त. त्याले पहिली तुम्हीच दिली होती, आजची बी तुमच्याच हातून जाऊ द्या.

पन्नास माणसं बघत होती. सणाचा दिवस, विधवा बाई मागते — नाही कसं म्हणणार?

तो रस्ता ओलांडून आला. माझ्याकडे पाहिलं. मी बंडल सोडलं. बिडी त्याच्या हातात दिली. त्याने ओठात धरली. त्याची काडी विझली, दुसरी विझली. तेव्हा मी माझी काडी ओढली आणि धरली.

त्याने झुरका घेतला. पेटवायला लागतो तेवढाच. एक.

धूर बाहेर आला नाही.

वाट पाहिली सगळ्यांनी. टोक लाल होतं. लालच राहिलं. मंद झालंच नाही. त्याचे गाल आत गेले — आणखी आत — डोळे बाहेर — हात वर करून बिडी काढायला गेला, निघाली नाही. मशिनीवरच्या मयूरने ओढून पाहिली, त्याची बोटं भाजली. बिडी संपत होती आणि — संपत नव्हती.

मालतीबाई म्हणाली, कोणी फुंकून राहिलं. आतून नाही. समोरून.

देवकाबाई घागरीजवळ बसूनच होती. शेवया झाकत होती, माशा बसतात म्हणून.

मी इथे काट्यावर आलो. कडी लावली नाही.

अजून चालू आहे. खिडकीतून दिसतं. त्याला आडवं घातलं आहे. पाणी ओतून राहिले, अंगावर पडताच वाफ — सदऱ्याला आग नाही, कुठेच आग नाही, तरी वाफ — कान, नाक, कुठूनही धूर नाही — सगळा आतच —

मला हाका मारून राहिले. काटाबाबू, तुम्ही पेटवली, तुम्हीच विझवा. मयूर दारात येऊन गेला. रडत होता.

त्याला सांगितलं, हवा लागू देऊ नका, बाजूला व्हा सगळे.

हेमराज माझं नाव घेऊन —

ऐकू येतं मला. स्पष्ट येतं. मी उठत नाही. बसलो आहे, पेन हातात आहे, आणि मी उठत ना—